लहान कंपनीला कंटेनर क्लस्टर परवडतो का? निर्णयापूर्वीचा हिशेब

पन्नास-साठ माणसांच्या कंपनीत, जिथे सर्व्हरची जबाबदारी दोघा-तिघांवरच असते, तिथे आज ना उद्या एक प्रश्न बैठकीत येतो: आपले कंटेनर चार व्हीएमवर (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभारलेल्या आभासी मशिनवर) हाताने चालवत राहायचे, की त्यांच्यासाठी रीतसर क्लस्टर, म्हणजे एकत्र कारभार असलेला मशिनचा संच, उभारायचा, आणि उभारायचा तर व्यावसायिक सपोर्ट असलेले सबस्क्रिप्शन घ्यायचे का? प्रश्न तंत्रज्ञानाचा वाटतो, पण त्याचे उत्तर बहुतेक वेळा हिशेबाच्या वहीत सापडते. ही वही कशी मांडावी, कोणते आकडे आधी गोळा करावेत आणि कोटेशनमध्ये कधीच न दिसणारे खर्च कुठे शोधावेत, हे या कामात नव्याने पडलेल्यांसाठी येथे क्रमाने सांगितले आहे.

प्रथम थोडी ओळख. कंटेनर म्हणजे अप्लिकेशन आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी एका गाठोड्यात बांधून चालवण्याची पद्धत. डॉकरने २०१३ मध्ये ती सर्वांच्या आवाक्यात आणली. एका मशिनवरच्या कंटेनरना डॉकर कंपोजसारखे साधन पुरते. मशिन अनेक झाली, की कोणता कंटेनर कुठे चालवायचा, पडलेला कोणी उठवायचा आणि नवी आवृत्ती आणताना जुनी केव्हा काढायची हे पाहणारा मुकादम लागतो. कुबरनेटीस हा तो मुकादम. गूगलने तो २०१४ मध्ये खुला केला आणि २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. रेड हॅटचे ओपनशिफ्ट आणि सूसेचे रँचर ही त्यावर उभी असलेली व्यावसायिक उत्पादने आहेत. ॲमेझॉनचे ईकेएस, गूगलचे जीकेई आणि मायक्रोसॉफ्टचे एकेएस या त्याच्या क्लाउडवरच्या व्यवस्थापित सेवा आहेत.

मुकादमाचा पगार मजुरांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही. चार मजुरांनाही एक पूर्ण मुकादम लागतो आणि चाळीस मजुरांनाही तोच पुरतो. लहान क्लस्टरचा सारा वाद एवढ्या एका गोष्टीभोवती फिरतो, आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर ती वेगळ्या आकड्यांत पुन्हा समोर येईल.

पायरी १: आज काय चालू आहे ते मोजा

निर्णयाआधी किमान दोन आठवड्यांचे मोजमाप हाती असावे, आणि त्यात महिनाअखेर किंवा जो काही आपल्या धंद्यातला गर्दीचा दिवस असेल तो यायला हवा. प्रत्येक कंटेनर प्रत्यक्षात किती मेमरी आणि किती सीपीयू वापरतो हे डॉकरच्या स्टॅट्स आज्ञेने किंवा आधीपासून असलेल्या मॉनिटरिंगमधून टिपून ठेवावे. हे मोजमाप टाळून अंदाजाने आकडे भरणारे पुढे हमखास अडकतात. कुबरनेटीस जागा वाटतो ती प्रत्येक कंटेनरने ‘मागितलेल्या’ मेमरी-सीपीयूवरून, वापरलेल्यावरून नाही. भीतीपोटी प्रत्येकाने दुप्पट-तिप्पट मागणी नोंदवली, की नोड (क्लस्टरमधली मशिन) निम्म्याहून अधिक मोकळे असतानाही क्लस्टर ‘जागा नाही’ म्हणू लागतो आणि मग नवे नोड विकत घेतले जातात.

सोबत आणखी दोन नोंदी कराव्यात. पहिली, वर्षभरात नवी आवृत्ती किती वेळा चढवली आणि दर वेळी किती माणसांचे किती तास गेले. दुसरी, वर्षभरात सेवा किती वेळा बंद पडली, किती वेळ, आणि कशामुळे. दुसऱ्या नोंदीतला ‘कशामुळे’ हा रकाना सर्वांत मोलाचा आहे, कारण पायरी ६ पूर्णपणे त्यावर अवलंबून आहे.

या लेखापुरते एक उदाहरण धरू. एका कंपनीत १४ कंटेनर आहेत, गर्दीच्या वेळी ते मिळून २२ जीबी मेमरी आणि ९ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) वापरतात, सगळे चार व्हीएमवर कंपोजने चालते, आणि महिन्यातून दोनदा रात्री नवी आवृत्ती चढवली जाते. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. त्यांच्या जागी आपले आकडे घालून हिशेब पुन्हा करावा.

पायरी २: क्लस्टर स्वतःसाठी किती खातो

स्वतःच्या सर्व्हरवर ओपनशिफ्ट बसवायचा तर नेहमीच्या रचनेत कंट्रोल प्लेनची, म्हणजे मुकादमाचे काम करणारी, तीन मशिन लागतात, आणि प्रत्येकाला किमान ४ व्हीसीपीयू, १६ जीबी मेमरी आणि १०० जीबी डिस्क द्यावी लागते. म्हणजे आपला एकही कंटेनर सुरू होण्यापूर्वी १२ व्हीसीपीयू आणि ४८ जीबी मेमरी मुकादमाकडे गेली. आपली अप्लिकेशन्स मिळून २२ जीबीची. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हा प्रकार.

तीनच का, याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. क्लस्टरची सगळी नोंदवही एटसीडी नावाच्या डेटाबेसमध्ये असते, आणि त्याला हाउसिंग सोसायटीच्या सभेसारखी गणपूर्ती लागते. एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून अधिक हजर असल्याशिवाय तो नवी नोंद स्वीकारत नाही. तीन सदस्यांत एक गैरहजर चालतो आणि पाचांत दोन. दोन सदस्यांत मात्र एकही गैरहजर चालत नाही, म्हणून दोन मशिनचा कंट्रोल प्लेन एकापेक्षा भरवशाचा ठरत नाही, उलट बिघडू शकणारी मशिन दोन होतात.

येथे लहान कंपन्यांत एक चूक वारंवार होते. मी हिशेब तपासलेल्या एका ठिकाणी तिन्ही कंट्रोल प्लेन रीतसर उभे होते, कागदावर सर्व काही उत्तम होते, आणि तिन्ही व्हीएम एकाच भौतिक सर्व्हरवर होत्या. त्या सर्व्हरचा पॉवर सप्लाय गेला तेव्हा तिन्ही सदस्य एकदमच सभा सोडून गेले. तीन मशिन म्हणजे तीन वेगळे भौतिक सर्व्हर, आणि शक्य असल्यास वीजपुरवठ्याच्या वेगळ्या वाटा. दोन कार्यालयांत तीन सदस्य वाटण्याचा मोहही टाळावा, कारण ज्या कार्यालयात दोन आहेत तेथील वीज गेली की उरलेला एकटा काही ठरवू शकत नाही.

आता वर्कर नोड, म्हणजे अप्लिकेशन्स चालवणारी मशिन. एक वर्कर बंद पडला तरी बाकीच्यांनी सगळा भार उचलावा अशी अपेक्षा असेल, तर दोन वर्करांत निम्मी क्षमता आणि तिघांत एक तृतीयांश क्षमता कायम रिकामी ठेवावी लागते. दहा वर्करांत फक्त दहावा भाग. आपल्या उदाहरणात १६ जीबीचे तीन वर्कर घेतले आणि प्रत्येकावर सिस्टिमसाठी ३ जीबी सोडले, तर एक वर्कर गेल्यावर उरलेल्या दोघांवर २६ जीबी मिळतात आणि २२ जीबी त्यांत बसतात. वर्करांचे ४८ आणि कंट्रोल प्लेनचे ४८ मिळून ९६ जीबी झाले; अप्लिकेशनच्या एका जीबीमागे चार जीबीहून अधिक. हाच हिशेब २०० जीबीच्या अप्लिकेशन्ससाठी ६४ जीबीचे पाच वर्कर घेऊन केला, तर एकूण ३६८ जीबी लागतात आणि प्रमाण दोनच्याही खाली येते.

यातून वाटा काढलेल्या आहेत. ओपनशिफ्टमध्ये तीनच नोडवर कंट्रोल प्लेन आणि अप्लिकेशन्स एकत्र चालवता येतात, आणि ८ व्हीसीपीयू व १६ जीबीपासून सुरू होणारी एका नोडची रचनाही आहे, मात्र तो नोड गेला की सगळे गेले. के३एस हा कुबरनेटीसचा हलका अवतार शंभर एमबीहून लहान एका फाइलमध्ये येतो आणि २ जीबीच्या मशिनवरही सुरू होतो. ज्यांना क्लस्टरची शिस्त हवी आहे पण वजन पेलत नाही, त्यांनी आधी त्याच्याकडे पाहावे असे माझे मत आहे.

पायरी ३: सबस्क्रिप्शनचे एकक समजून कोटेशन मागवा

ओपनशिफ्टचे स्वतः चालवण्याचे सबस्क्रिप्शन नोडच्या संख्येवर नसते, कोरवर असते. एक एकक म्हणजे २ भौतिक कोर किंवा ४ व्हीसीपीयू. केवळ कंट्रोल प्लेनचे काम करणारे नोड त्यात मोजले जात नाहीत. ८ व्हीसीपीयूचे तीन वर्कर असतील, तर २४ व्हीसीपीयूंना सहा एकके लागतील. जागा वाचवण्यासाठी तीन नोडची एकत्रित रचना घेतली, तर त्या तिन्ही नोडवर आपली अप्लिकेशन्स चालतात, म्हणून तेही मोजणीत येतात, ही गोष्ट कोटेशन हाती येईपर्यंत पुष्कळांच्या लक्षात येत नाही. भौतिक सर्व्हरसाठी सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या जागेच्या) जोडीवर आधारलेला वेगळा प्रकारही आहे, आणि थोड्या पण दणकट सर्व्हरवर तो कधी कधी स्वस्त पडतो; दोन्ही प्रकारांचे आकडे मागवावेत.

सपोर्टचे दोन स्तर असतात. स्टँडर्डमध्ये कार्यालयीन वेळेत मदत मिळते, प्रीमियममध्ये गंभीर बिघाडांसाठी चोवीस तास. आपली सेवा रात्री कोणी वापरतच नसेल, तर चोवीस तासांच्या सपोर्टचे पैसे कशासाठी मोजायचे, असा प्रश्न व्हेंडरला अवश्य विचारावा. कोटेशन तीन वर्षांचे मागवावे आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे रिन्युअल कोणत्या दराने होईल हे लेखी घ्यावे. पहिल्या वर्षाची सवलत पाहून क्लस्टर घेणारे तिसऱ्या वर्षी अडकतात, कारण तोवर सगळे काम त्यावर गेलेले असते. ब्रॉडकॉमने २०२३ च्या अखेरीस व्हीएमचे सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ताब्यात घेतल्यानंतर कायमस्वरूपी लायसन्स विकणे बंद केले, तेव्हा ज्या कंपन्यांना घाईघाईने पर्याय शोधावे लागले त्यांना हा धडा नव्याने सांगायला नको.

पायरी ४: क्लाउडचे भाडे पूर्ण मोजा

व्यवस्थापित सेवेत कंट्रोल प्लेनचा सांभाळ क्लाउड कंपनी करते, त्यामुळे पायरी २ मधले बरेचसे ओझे उतरते. ईकेएसमध्ये एका क्लस्टरला तासाला ०.१० डॉलर पडतात. वर्षाच्या ८,७६० तासांचे ८७६ डॉलर झाले. डॉलर ९० रुपये धरला तर ७८,८४० रुपये. एवढ्यात तीन मशिनचा सांभाळ होत असेल तर तो स्वस्तच म्हणावा लागेल. मात्र आवृत्ती वेळेवर बदलली नाही आणि क्लस्टर वाढीव सपोर्टच्या काळात गेला, तर हाच दर तासाला ०.६० डॉलर होतो, म्हणजे वर्षाला पावणेपाच लाखांच्या आसपास. आळसाला लावलेला हा दंड आहे, आणि तो बिलात गुपचूप येतो.

याशिवाय भार वाटणारा लोड बॅलन्सर, आतल्या मशिनना इंटरनेटपर्यंत पोहोचवणारा नॅट गेटवे, वेगवेगळ्या झोनमधल्या (वेगळ्या डेटासेंटरमधल्या) नोडांच्या आपापसांतल्या वाहतुकीचे दर जीबीमागे पडणारे पैसे, लॉगची साठवणूक आणि बॅकअप हे सगळे वेगळे असते. लॉगकडे भारतात विशेष लक्ष द्यावे लागते, कारण सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टिमचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. व्हीएमवर लॉगच्या फाइल निदान डिस्कवर पडून असतात. क्लस्टरमध्ये कंटेनर एका नोडवरून दुसऱ्यावर गेला की त्याचे जुने लॉग त्याच्याबरोबर नाहीसे होतात. म्हणून ते सतत बाहेर पाठवण्याची सोय पहिल्या दिवसापासून करावी लागते. दिवसाला ५ जीबी लॉग निघत असतील, तर १८० दिवसांचे ९०० जीबी होतात.

एक सूचना येथेच. क्लाउडचे वा सर्व्हरचे एकूण बिल क्लस्टरच्या नावावर टाकू नये. अप्लिकेशन्स कुठेतरी चालणारच होती. वहीत फक्त फरक लिहावा.

पायरी ५: माणसांचे तास

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण इथेच सर्वांत जास्त पैसे जातात आणि इथलेच आकडे कोणी लिहीत नाही.

कुबरनेटीसच्या वर्षाला तीन नव्या आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला सुमारे १४ महिने दुरुस्त्या मिळतात. ओपनशिफ्टच्या आवृत्तीला साधारण १८ महिने. याचा अर्थ, काहीही नवीन करायचे नसले तरी वर्षातून निदान एकदा, बहुधा दोनदा, क्लस्टर अपग्रेड करावा लागतो. अपग्रेड म्हणजे केवळ बटण दाबणे नसते. जुन्या आवृत्तीतल्या काही सोयी नव्यात काढून टाकलेल्या असतात: १.२२ मध्ये इनग्रेसची (बाहेरची विनंती आत नेणाऱ्या मांडणीची) जुनी बीटा एपीआय गेली, १.२४ मध्ये डॉकरशी थेट जोडणारा थर गेला, १.२५ मध्ये पॉड सिक्युरिटी पॉलिसी गेली (पॉड म्हणजे एकत्र चालणारा कंटेनरचा गट). दर वेळी क्लस्टरची मांडणी लिहिलेल्या आपल्या वायएएमएल फाइली तपासून बदलाव्या लागल्या. भोवतालच्या साधनांचेही तसेच आहे. असंख्य क्लस्टरांच्या दारात उभा असलेला इनग्रेस-एनजिनएक्स हा कंट्रोलर निवृत्त करत असल्याचे कुबरनेटीस प्रकल्पाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले आणि मार्च २०२६ पर्यंतच त्याची देखभाल होईल असे सांगितले. तो वापरणाऱ्या प्रत्येक लहान चमूच्या वाट्याला न मागितलेले काम आले.

क्लस्टर कुबॲडम या उभारणीच्या साधनाने स्वतः उभारला असेल, तर त्याची अंतर्गत प्रमाणपत्रे एका वर्षाने संपतात. अपग्रेड करताना ती आपोआप नवी होतात, त्यामुळे वेळेवर अपग्रेड करणाऱ्याला याची जाणीवही होत नाही. ‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा’ असे म्हणून वर्षभर थांबलेल्याचा क्लस्टर मात्र एका सकाळी कोणतीच आज्ञा ऐकेनासा होतो. जुन्या व्हीएमवर हे धोरण वर्षानुवर्षे खपून जाते. क्लस्टरवर ते खपत नाही, आणि सवयीतला हा बदल पैशांपेक्षा जड जातो.

ओपनशिफ्टकडे जाणाऱ्यांसाठी आणखी एक छुपे काम असते. तो कंटेनरला रूट (सर्वाधिकारी) वापरकर्ता म्हणून चालू देत नाही. ऐन वेळी एक यादृच्छिक वापरकर्ता क्रमांक देतो. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच आहे, पण डॉकर हबवरून उचललेल्या किंवा पूर्वी घाईत बनवलेल्या अनेक इमेजेस (कंटेनर ज्यांवरून सुरू होतात ती गाठोडी) रूट असल्याचे गृहीत धरून फाइली लिहितात आणि पहिल्याच दिवशी पडतात. आपल्या १४ इमेजेसपैकी किती रूटवर अवलंबून आहेत हे आधीच तपासावे आणि प्रत्येकीला दुरुस्तीचा एक-दीड दिवस धरावा.

क्लस्टर समजणारा माणूस एकच असेल, तर त्याची रजा हीच जोखीम होते. म्हणून दोघे तयार करावे लागतात. एका अनुभवी अभियंत्याचा कंपनीला पडणारा वार्षिक खर्च १८ लाख रुपये धरू, म्हणजे वर्षाचे साधारण २,००० तास मानले तर तासाला ९०० रुपये. व्यवस्थापित सेवेत दोघांचा मिळून एका माणसाचा तीन दशांश वेळ जातो असा माझा अंदाज आहे, तो ५,४०,००० रुपयांचा होतो. स्वतःच्या सर्व्हरवर उभारलेल्या क्लस्टरमध्ये तो याच्या दुप्पट सहज होतो. कंट्रोल प्लेनच्या ७८,८४० रुपयांशेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

पायरी ६: बंद पडण्याचा रकाना उघडा

क्लस्टर घेतला की सेवा बंद पडणार नाही, या समजुतीवर सर्वाधिक क्लस्टर विकले जातात. पायरी १ मधली घटनांची यादी समोर घ्यावी आणि प्रत्येक घटनेपुढे ‘क्लस्टरने ही टळली असती का’ याचे उत्तर हो किंवा नाही असे लिहावे. डेटाबेसची डिस्क भरली: नाही. वेबसाइटचे प्रमाणपत्र नूतनीकरण करायला विसरलो: स्वयंचलित नूतनीकरण बसवले तर हो, पण ते व्हीएमवरही बसवता येते. नव्या आवृत्तीत चूक होती: अंशतः, कारण जुनीकडे परतणे सोपे झाले असते. कार्यालयाचे इंटरनेट गेले: नाही. व्हीएम गोठली: हो. बहुतेक लहान कंपन्यांत सगळा भार शेवटी एकाच डेटाबेसवर असतो, आणि तो क्लस्टरबाहेर तसाच एकटा राहणार असेल, तर पुढच्या वेब कंटेनरच्या तीन प्रती करून फारसे साधत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

नोड अचानक बंद पडला तर काय होते, हेही नीट माहीत असावे. क्लस्टरला नोड हरवल्याचे कळायला मिनिटभराच्या आत वेळ लागतो, पण मूळ मांडणीप्रमाणे त्यावरचे पॉड दुसरीकडे हलवण्यापूर्वी तो आणखी पाच मिनिटे वाट पाहतो. हा अवधी कमी करता येतो, पण कोणी बदलला नसेल तर पाच मिनिटे हेच खरे. दुसऱ्या नोडवर प्रती आधीच चालू असतील तर ग्राहकाला काही जाणवणार नाही. एकच प्रत असेल तर एवढा वेळ सेवा बंद. ज्या पॉडला स्वतःची डिस्क जोडलेली आहे आणि ती एका वेळी एकाच नोडला लागते, तो तर जुना नोड खरोखर मेला आहे याची खात्री पटेपर्यंत अडकून राहतो, आणि अशा वेळी माणसालाच हात घालावा लागतो.

आता बेरीज. आपल्या उदाहरणात महिन्यातून दोनदा दोन माणसे दोन तास बसतात, वर्षाचे ९६ तास; ते सगळे वाचले असे मानले तरी ८६,४०० रुपये. गेल्या वर्षीच्या बंद तासांपैकी तीन तास क्लस्टरने वाचले असते आणि एका तासाचे नुकसान ४०,००० रुपये धरले, तर १,२०,०००. एकूण फायदा २,०६,४००. खर्चात व्यवस्थापित सेवेचे ७८,८४०, जादा वर्कर, लोड बॅलन्सर आणि लॉगचे १,५०,००० आणि माणसांचे ५,४०,००० मिळून ७,६८,८४० होतात. सबस्क्रिप्शन अजून धरलेलेच नाही. या कंपनीने क्लस्टर घेऊ नये.

दुसरी कंपनी पाहू. पाच चमू, ४५ सेवा, प्रत्येक चमू आठवड्यातून दोनदा नवी आवृत्ती चढवतो, वर्षाला सुमारे ५०० वेळा, दर वेळी दीड तास. क्लस्टर आणि स्वयंचलित पाइपलाइनने (नवी आवृत्ती आपोआप तपासून चढवणाऱ्या व्यवस्थेने) हा वेळ पाव तासावर आला तर ६२५ तास वाचतात, म्हणजे ५,६२,५००. बंद पडण्याचे आठ तास टळतात आणि तासाचे नुकसान ७५,००० आहे, म्हणजे ६,००,०००. फायदा ११,६२,५००. खर्चात तेच ७८,८४०, इतर सेवांचे ३,५०,००० आणि माणसांचा चार दशांश वेळ ७,२०,०००, मिळून ११,४८,८४०. सेवा तिपटीहून जास्त झाल्या, पण मुकादमाचा वेळ तीन दशांशावरून चार दशांशावरच गेला, आणि पारडे नुकतेच झुकले.

या हिशेबात एक पळवाट आहे, ती लपवू नये. वाचलेल्या ६२५ तासांचा मोठा भाग पाइपलाइनने वाचवलेला आहे, क्लस्टरने नाही. आजच्याच व्हीएमवर चांगली पाइपलाइन बसवली, तर यातले पुष्कळसे तास क्लस्टरशिवाय वाचतात. म्हणून पाइपलाइन आधी बसवावी, दोन-तीन महिने थांबावे आणि मगच वही पुन्हा उघडावी.

पायरी ७: मधल्या वाटा

क्लस्टर नको याचा अर्थ आहे तसेच चालू ठेवावे असा नाही. ॲमेझॉनच्या ईसीएस या कुबरनेटीसशिवायच्या कंटेनर सेवेमध्ये कंट्रोल प्लेनचे वेगळे पैसे पडत नाहीत. गूगलच्या क्लाउड रनमध्ये मागणी नसताना सेवा शून्यावर येते आणि त्या वेळेचे भाडे लागत नाही. दिवसातून काही तासच वापरल्या जाणाऱ्या सेवेला ते फार सोयीचे पडते. स्वतःच्या सर्व्हरवर पॉडमन (डॉकरसारखे साधन) आणि सिस्टिमडी (लिनक्समध्ये सेवा सुरू ठेवणारी व्यवस्था) यांची जोडीही १४ कंटेनरना पुरेशी आहे, आणि ती रात्री कोणाला उठवत नाही. कुबरनेटीस हवाच पण सपोर्ट नको, अशांसाठी ओपनशिफ्टचे समुदायाने चालवलेले रूप ओकेडी उपलब्ध आहे. मात्र त्यात अडचण आली तर फोन कोणाला करायचा हा प्रश्न उरतो.

हाच प्रश्न व्यावसायिक सबस्क्रिप्शनचे खरे समर्थन आहे. ग्राहक बँक किंवा विमा कंपनी असेल, तर तिचा ऑडिटर असुरक्षितता आढळल्यावर दुरुस्ती कोण, किती दिवसांत देईल हे विचारतो आणि लेखी उत्तर मागतो. रिझर्व्ह बँकेचे माहिती तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याविषयीचे निर्देश १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाल्यावर ही विचारणा वाढणारच होती. एका मोठ्या ग्राहकाचा करार या उत्तरावर अडलेला असेल, तर पायरी ६ ची बेरीज बाजूला ठेवून त्या कराराच्या रकमेशी सबस्क्रिप्शनची तुलना करावी. मात्र असा ग्राहक आज समोर असावा. ‘पुढे कधीतरी येईल’ या आशेवर तीन वर्षांचे सबस्क्रिप्शन घेऊ नये.

पायरी ८: सहा आठवड्यांची चाचणी

वही क्लस्टरच्या बाजूने झुकली, तरी पैसे देण्याआधी चाचणी करावी. रेड हॅट ओपनशिफ्टची ६० दिवसांची मोफत चाचणी देते. तिच्यात आपली दोन खरी अप्लिकेशन्स आणावीत, त्यातले एक जुने आणि अवघड असावे. नमुन्याची सुबक अप्लिकेशन्स सगळीकडेच चालतात.

चाचणीत तीन कवायती टाळू नयेत. सकाळी अकराच्या गर्दीत एका वर्करची वीज काढावी आणि घड्याळ लावून सेवा किती वेळ अडखळते ते लिहावे. क्लस्टर एका आवृत्तीने अपग्रेड करावा, आणि हे काम चमूतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाने करावे, पहिल्याने हात मागे बांधून बसावे. तिसरी, सगळा क्लस्टर पुसून बॅकअपमधून पुन्हा उभा करावा. एटसीडीचा बॅकअप म्हणजे केवळ क्लस्टरची नोंदवही असते. डिस्कवरचा प्रत्यक्ष डेटा त्यात नसतो आणि त्याच्यासाठी व्हेलेरोसारखे वेगळे साधन लागते, हे पुष्कळांना या तिसऱ्या कवायतीतच प्रथम कळते. प्रत्येक कवायतीला लागलेले तास पायरी ५ च्या रकान्यात भरावेत आणि माझा तीन दशांशाचा अंदाज खोडून तिथे आपला आकडा लिहावा.

पायरी ९: निर्णयाचे टिपण

शेवटी एक पानाचे टिपण लिहून व्यवस्थापनाकडे द्यावे. त्यात वहीतली बेरीज, गृहीत धरलेले आकडे, निर्णय आणि तो कोणत्या आकड्याला बदलेल हे स्पष्ट असावे: उदाहरणार्थ, सेवा ३० च्या वर गेल्या, किंवा आवृत्त्या आठवड्याला पाचहून अधिक होऊ लागल्या, तर पुन्हा विचार. निर्णय ‘हो’ असेल तर रिन्युअलच्या तारखेच्या सहा महिने आधीची तारीख दिनदर्शिकेत टाकावी आणि बाहेर पडायचे झाल्यास काय बदलावे लागेल तेही नोंदवावे, कारण कुबरनेटीसच्या सर्वसाधारण वायएएमएल फाइली दुसरीकडे नेता येतात, पण ओपनशिफ्टचा ‘राउट’ (बाहेरची विनंती सेवेपर्यंत नेणारी वाट; वरच्या रूट वापरकर्त्याशी त्याचा संबंध नाही) ही त्याचीच खास रचना आहे. निर्णय ‘नाही’ असेल, तर इमेजेस रूट वापरकर्त्याशिवाय चालतील अशा बनवणे, सेटिंग्ज इमेजबाहेर ठेवणे आणि लॉग फाइलऐवजी थेट आउटपुटवर लिहिणे ही तीन कामे तरीही याच वर्षी करून घ्यावीत. ती व्हीएमवरही उपयोगी पडतात आणि दोन वर्षांनी वही पुन्हा उघडाल तेव्हा पायरी ५ मधला इमेज दुरुस्तीचा आकडा शून्य झालेला असेल.